लेक्सस एलएफए : न खपलेली गाडी क्लासिक कशी झाली

ऑगस्ट २०१७. टोयोटाच्या लेक्सस या महागड्या ब्रँडच्या एलएफए या वेगवान गाडीचं उत्पादन थांबून साडेचार वर्षं उलटली होती आणि अमेरिकेतल्या डीलरांकडे तिच्या बारा कोऱ्या गाड्या अजून शिल्लक होत्या. सेकंडहँड नव्हे, शोरूममधून बाहेरच न पडलेल्या. जगभरात मिळून जेमतेम ५०० एलएफए तयार झाल्या. पाचशेतल्या बारा गाड्यांना इतक्या वर्षांत गिऱ्हाईक मिळू नये, ही त्या गाडीची तेव्हाची बाजारातली पत होती.

आज चांगल्या अवस्थेतली साधी एलएफए विकायला निघाली, तर मूळ ३,७५,००० डॉलरच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त किंमत मागते. तिची न्यूरबर्गरिंग पॅकेजची (जर्मनीतल्या शर्यतीच्या ट्रॅकच्या नावाची) आवृत्ती लिलावात दहा लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. ज्या गाडीला 'महागडी टोयोटा' म्हणून लोक नाक मुरडत होते, तिचं नाव आता आधुनिक क्लासिकांची यादी करताना पहिल्या चार-पाच गाड्यांत येतं.

दहा वर्षांत एवढा फरक पडला आणि गाडीत एक नटसुद्धा बदललेला नाही. म्हणून हे प्रकरण मला मोलाचं वाटतं. दुर्मीळ वेगवान गाडी नेमकी कधी आणि कशामुळे क्लासिक होते, हा प्रश्न एरवी हवेत राहतो. इथे तो एका गाडीवर तपासून पाहता येतो.

मागावर विणलेली गाडी

काम सुरू झालं २००० च्या सुमारास. मुख्य अभियंता होते हारुहिको तानाहाशी. कल्पना अशी होती की टोयोटाने आपली सगळी हुशारी एका गाडीत ओतून दाखवायची, नफा-तोट्याचा विचार नंतर. सुरुवातीची वर्षं ॲल्युमिनियमचा सांगाडा धरून गेली. जानेवारी २००५ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात एलएफएची पहिली संकल्पना-गाडी लोकांना दिसली. त्याच सुमारास आत एक मोठा निर्णय झाला: ॲल्युमिनियम टाकून द्यायचं आणि सांगाडा कार्बन फायबरचा करायचा. झालेलं बरंचसं काम मोडीत काढून नव्याने मांडणी करायची, असा त्याचा अर्थ होता. यातून साधारण शंभर किलो वजन वाचलं. तयार गाडी १,४८० किलोची झाली. सांगाड्यात वजनाच्या हिशेबाने ६५ टक्के कार्बन आणि ३५ टक्के ॲल्युमिनियम.

हे कार्बनचे भाग बाहेरून विकत आणायचे नाहीत, घरीच करायचे, असंही ठरलं. इथे टोयोटाची जुनी ओळख कामाला आली. हे घराणं मुळात मागांचं. साकिची टोयोडा यांचा स्वयंचलित माग १९२४ चा. त्याचा कारखाना १९२६ मध्ये निघाला आणि १९२९ मध्ये त्या मागाच्या पेटंटचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी एक लाख पौंडांना घेतले. कंपनीच्या इतिहासात ही रक्कम मोटारीच्या प्रयोगांचं बीजभांडवल म्हणून सांगितली जाते. (भारतातही टोयोटा आधी मागाच्याच वाटेने आली. १९९५ मध्ये किर्लोस्करांबरोबर बंगळुरूत कापड-यंत्रांची कंपनी निघाली, मोटारींची भागीदारी त्यानंतरची, १९९७ ची.)

एलएफएसाठी गोल माग वापरला गेला. असे माग जगात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मधोमध एक साचा पुढे सरकत जातो, भोवतीच्या कड्यावरच्या बॉबिनांमधून कार्बनचे धागे सुटतात आणि साच्यावर थरावर थर विणला जातो. वीण कुठे सैल पडली का, धागा कुठे सरकला का, हे लेझरच्या किरणांनी तपासलं जातं. विंडशील्डच्या दोन्ही बाजूंनी छताकडे जाणारे खांब अशा विणलेल्या पोकळ नळ्यांचे बनले. त्यामुळे खांब बारीक ठेवता आला, मजबुती तेवढीच राहिली आणि चालकाला वळणावर पलीकडचं जास्त दिसू लागलं. गाडीच्या माहितीपत्रकात हा भाग एका ओळीत उरकलेला असतो. माझ्या लेखी मात्र या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे, कारण ती दुसऱ्या कुठल्या कंपनीला सुचली नसती आणि सुचली तरी पटली नसती.

आयची प्रांतातल्या मोतोमाची कारखान्यात या गाडीसाठी एक वेगळा विभाग उभा राहिला, एलएफए वर्क्स. डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२, महिन्याला वीस गाड्या, बहुतेक काम हाताने. प्रत्येक इंजिनावर ते जोडणाऱ्या कारागिराची सही. पुढे याच विभागात हायड्रोजनवर चालणारी पहिली मिराई बनू लागली. नितीन गडकरी मार्च २०२२ मध्ये ज्या मिराईतून संसदेत गेले, ती त्याच गाडीची दुसरी पिढी.

नऊ हजारांचा आवाज

इंजिन यामाहाबरोबर बनवलेलं. ४.८ लिटरचं व्ही-१०, दोन्ही रांगांमधला कोन ७२ अंशांचा, ८,७०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ५६० पीएस (अश्वशक्ती). लाल रेघ ९,००० वर, आणि इंधन तोडलं जातं ते ९,५०० ला. वॉल्व्ह आणि कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे, दहाही सिलिंडरांना स्वतंत्र थ्रॉटल. आकाराने हे इंजिन साध्या व्ही-८ पेक्षा लहान. दहा सिलिंडरच का, तर टोयोटा तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये होती आणि २००५ पर्यंत तिथली इंजिनं व्ही-१० होती.

या इंजिनाचा गुण एका आकड्यात सांगायचा तर ०.६ सेकंद. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, आयडलपासून ९,००० आरपीएमला पोचायला एवढाच वेळ. काट्याच्या टॅकोमीटरला, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मापकाला, हा वेग झेपेना. काटा मागे राहायचा आणि इंजिन पुढे निघून जायचं. म्हणून काटाच काढून टाकला आणि त्या जागी पडदा आला, ज्यावर काट्याचं चित्र फिरतं. २००९ मध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर पडदा ही नवलाची गोष्ट होती. आज ती हॅचबॅकमध्येही असते. पण एलएफएमधल्या पडद्याचं कारण निराळं आहे. तो तिथे आला कारण इंजिनाला दुसरं काही पुरेना. शिवाय पडद्याभोवतीचं धातूचं कडं खरंखुरं आहे आणि बटण दाबलं की ते जागचं सरकतं. अशा बारक्याशा कामावर कुणीतरी महिनोन्‌महिने डोकं घातलं असणार.

आवाजासाठी यामाहाच्या वाद्यं बनवणाऱ्या मंडळींची मदत घेतली. हवा आत घेणाऱ्या टाकीला आतून कणे दिले, गिटारच्या तबकडीला आतून देतात तसे, आणि तिच्या कंपनाचा सूर जुळवला. तिथून हा आवाज केबिनमध्ये पोचवण्यासाठी खास वाटा ठेवल्या. स्पीकरमधून वाजवलेला खोटा आवाज नाही. ही गोष्ट तेव्हा कौतुकाची एक ओळ होती. पुढे सगळं तिच्यावरच ठरलं.

दुष्काळात तेरावा महिना

तयार गाडी ऑक्टोबर २००९ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात आली. त्याआधी वर्षभरात जग आर्थिक मंदीत सापडलं होतं आणि मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात टोयोटाने सत्तर वर्षांतला पहिला कार्यचलनातला तोटा जाहीर केला होता. गाडी दाखवून दोन आठवडे होत नाहीत तोच, ४ नोव्हेंबरला, टोयोटाने फॉर्म्युला वनमधून माघार घेतली. म्हणजे ज्या शर्यतीशी या इंजिनाचं नातं सांगायचं, तीच हातची गेली. फेब्रुवारी २०१० मध्ये गाड्या परत बोलावण्याच्या प्रकरणात टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांना अमेरिकी काँग्रेसपुढे उत्तरं द्यावी लागली. अशा दिवसांत या कंपनीची ३,७५,००० डॉलरची गाडी कोण घेणार?

आणि २३ जून २०१० ला हिरोमु नारुसे गेले. ते टोयोटाचे ज्येष्ठ चाचणी-चालक, वय ६७. अकिओ टोयोडांना गाडी हाकण्यातले धडे त्यांनीच दिले होते. न्यूरबर्गरिंगच्या ट्रॅकजवळ, सार्वजनिक रस्त्यावर, एलएफएच्या न्यूरबर्गरिंग आवृत्तीची चाचणी घेताना समोरासमोर टक्कर झाली. ही गाडी ज्यांनी घडवली, त्यातल्या एकाचा जीव तिच्याच चाकामागे गेला. हे मी क्लासिक होण्याच्या कारणांत मोजत नाही, तसं मोजणं मला बरं वाटत नाही. पण एलएफएची गोष्ट सांगणारा कोणीही हे नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

स्पर्धा काय होती तेही पाहू. २००९ च्याच शरद ऋतूत फेरारीची ४५८ इटालिया आली होती. ५७० पीएस, दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स, आणि किंमत एलएफएहून कितीतरी कमी. निसानची जीटी-आर तर एलएफएच्या पाव किमतीच्या आत मिळत होती आणि सरळ रस्त्यावर मागे पडत नव्हती. एलएफएचा गिअरबॉक्स एकाच क्लचचा, गिअर बदलायला ०.२ सेकंद घेणारा. पुस्तकी तुलनेत ती प्रत्येक रकान्यात उणी पडायची. आणि वर बिल्ला लेक्ससचा, म्हणजे ज्या नावाची ख्याती शांत, आरामशीर, कधी न बिघडणाऱ्या गाड्यांची.

मला त्या वेळच्या समीक्षकांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांच्यापुढे त्या महिन्याची गाडी होती आणि त्या महिन्याचे पर्याय होते. त्या हिशेबाने त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

धूळ खात

सर्वांत बोलका तपशील अमेरिकेतल्या विक्रीच्या अटींचा आहे. सुरुवातीला लेक्ससने तिथे एलएफए थेट विकायचीच नाही असं ठरवलं होतं. दोन वर्षांचा भाडेकरार करायचा आणि मग गाडी घ्यायची. भीती ही की लोक गाडी घेतील आणि लगेच चढ्या भावाने विकून मोकळे होतील. नंतर थेट खरेदीही चालू केली, पण दोन वर्षांच्या आत विकायची झाली तर आधी डीलरला विचारायचं, या बोलीवर. सट्टेबाजांना आवरण्याची एवढी तयारी केली आणि सट्टेबाज फिरकलेच नाहीत. उलट गाड्याच पडून राहिल्या.

सगळ्या पडून राहिल्या असं मात्र नाही. ५० गाड्या न्यूरबर्गरिंग पॅकेजच्या होत्या. मागे न हलणारा पंख, दहा पीएस जास्त, गिअर बदलायला ०.१५ सेकंद, आणि अमेरिकेत किंमत ४,४५,००० डॉलर. ऑगस्ट २०११ मध्ये चालक अकिरा इइदा यांनी या गाडीतून न्यूरबर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकची फेरी ७ मिनिटं १४.६४ सेकंदांत मारली. साध्या गाड्यांपैकी काही मात्र डीलरांनी शोरूमची शोभा म्हणून ठेवल्या, काहींना घेणारंच कोणी आलं नाही. उत्पादन थांबल्यावरही कित्येक वर्षं लेक्ससच्या अमेरिकेतल्या विक्रीच्या तक्त्यात मधूनच एक एलएफए, दोन एलएफए असा आकडा उगवायचा. सेकंडहँड बाजारातही २०१५-१६ पर्यंत भाव मूळ किमतीच्याच आगेमागे घुटमळत होते.

५०० हा आकडा पहिल्या दिवसापासून जाहीर होता. प्रत्येक गाडीवर तिचा क्रमांक कोरलेला होता. दुर्मीळपणाने गाडी क्लासिक होत असती, तर ती २०१२ मध्येच झाली असती.

जॅग्वार एक्सजे२२० चं उदाहरण इथे उपयोगी पडतं. १९९२ ते १९९४ मधली गाडी, २८० च्या आसपास बनलेली, म्हणजे एलएफएहूनही कमी. आपल्या काळात जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक. पण व्ही-१२ चं आश्वासन देऊन टर्बो (हवा दाबून भरणारं) व्ही-६ आलं, तोवर मंदी आली, आणि आगाऊ पैसे भरलेले लोक करारातून सुटायला कोर्टात गेले. गाड्या न विकता राहिल्या. तिला मान मिळायला वीस वर्षांहून जास्त काळ गेला. संख्येच्या बळावर गाडी ओळखीची होते, मानाची होत नाही.

वारं कधी फिरलं

एक तारीख सांगता येणार नाही, पण २०१८ ते २०२१ या पट्ट्यात ते फिरलं, हे भावांवरून दिसतं. २०१७ पर्यंत कोऱ्या गाड्या पडून होत्या आणि २०२१-२२ मध्ये साध्या एलएफए सात-आठ लाख डॉलरपर्यंत जाऊ लागल्या. करोनाच्या काळात संग्राह्य वस्तूंचे भाव एकूणच चढले, तोही भाग यात आहे, तो नाकारून चालणार नाही. पण त्या लाटेत चढलेले बरेच भाव नंतर उतरले. एलएफएचे त्या प्रमाणात उतरले नाहीत. म्हणून लाटेखेरीज काहीतरी होतं.

ते काहीतरी म्हणजे गाडीच्या आजूबाजूच्या जगाचं बदलणं. २०१५ मध्ये फेरारीने ४५८ च्या जागी टर्बो इंजिनाची ४८८ आणली. बीएमडब्ल्यूच्या एम५ मधलं व्ही-१० तर २०१० मध्येच संपलं होतं. २०१६ पासून युरोपात गाडीच्या आवाजाची मर्यादा टप्प्याटप्प्याने कडक होऊ लागली, पाठोपाठ पेट्रोल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये कण अडवणारे फिल्टर आले. डॉज व्हायपर २०१७ मध्ये थांबली. ऑडीची आर८ आणि लॅम्बोर्गिनीची हुराकान २०२४ मध्ये संपल्या, आणि हुराकानच्या जागी आलेल्या टेमेरारिओत व्ही-८, टर्बो आणि विजेच्या मोटरी आहेत. मोठ्या कंपनीच्या नव्या गाडीत टर्बोविना फिरणारं व्ही-१० घ्यायचं म्हटलं, तर आज शोरूममध्ये ते नाही. वरच्या टोकाला डिझायनर गॉर्डन मरेंच्या टी.५० सारखी मोजक्या शंभर गाड्यांची व्ही-१२ अपवादानेच सापडते.

२००९ मध्ये एलएफएची तुलना ४५८ शी होत होती. २०२० मध्ये ती तुलना कोणाच्या कामाची उरली नव्हती, कारण दोन्ही गाड्या एकाच बाजूला गेल्या होत्या. पलीकडे सगळं टर्बो, हायब्रिड आणि बॅटरीचं. एकदा रेषा अशी ओढली गेली की त्या रेषेच्या अलीकडची सर्वांत टोकाची गाडी कोणती, असा प्रश्न येतो. नऊ हजार आरपीएमचं, वाद्यं करणाऱ्यांनी सूर लावलेलं, ०.६ सेकंदांत चढणारं इंजिन मग त्या प्रश्नाचं उत्तर ठरतं.

गिअरबॉक्सचंही तेच झालं. एका क्लचचा, धक्का देणारा म्हणून जो टीकेचा विषय होता, तोच आता त्या काळाची खूण म्हणून सांगितला जातो. मी स्वतः त्याला गुण म्हणणार नाही. दुहेरी क्लच चांगलाच असतो. पण तो दोष आता गाडीच्या ओळखीचा भाग आहे आणि कोणी तो बदलून नवा बसवला तर गाडीची किंमत कमी होईल, हे नक्की.

दुसरं कारण माणसांचं आहे. २०१० मध्ये जी मुलं १२-१५ वर्षांची होती, त्यांनी एलएफए पाहिली ती ग्रॅन टुरिस्मो ५ या व्हिडिओ गेममध्ये आणि ऐकली ती यूट्यूबवर. तिचा आवाज ऐकायला पाचशेतला एक मालक शोधावा लागला नाही. महाराष्ट्रातसुद्धा, जिथे ही गाडी कधी अधिकृत विक्रीला आलीच नाही (लेक्सस भारतात आली ती २०१७ मध्ये), इंजिनाच्या आवाजाच्या गप्पा निघाल्या की एलएफएचं नाव घेणारी पोरं भेटतात. हीच पिढी विशीत होती तेव्हा भाव चढले. जुन्या क्लासिक गाड्यांना नावारूपाला यायला मासिकं, शर्यती आणि क्लब लागायचे, आणि ते काम संथ चालायचं.

किती संथ, याचा नमुना टोयोटाच्याच घरात आहे. १९६७ ते १९७० मधली २००० जीटी, तीही यामाहाबरोबर केलेली, साडेतीनशेच्या आसपास बनलेली, आणि तेव्हा किमतीमुळे न खपलेली. २०१३ मध्ये तिची एक गाडी अमेरिकेतल्या लिलावात ११ लाख डॉलरच्या पुढे गेली, तेव्हा कुठे जगाने तिला वरच्या पंगतीत बसवलं. चार दशकं लागली. तिच्या धाकट्या बहिणीला एक दशक पुरलं. याच दोन गाड्या शेजारी ठेवल्या की कळतं, वाट तीच आहे, अंतर मात्र फार कमी झालं आहे.

भाव चढला म्हणजे मान्यता मिळाली का?

माझं उत्तर नाही असं आहे. भाव हा मान्यतेचा पुरावा म्हणून सगळे दाखवतात, मीही वर दाखवला, कारण मोजायला तोच सोपा. पण भाव चढलेल्या पुष्कळ नव्या गाड्या आहेत ज्या दहा वर्षांनी कोणाला आठवणार नाहीत. कंपनी २९९ गाड्या काढते, आधीच विकून टाकते आणि दुसऱ्या दिवसापासून भाव वर. त्यात गाडीची परीक्षा होतच नाही. एलएफएची परीक्षा झाली. ती पडलेल्या भावात तग धरून राहिली. कोणी ढकलत नसताना लोक तिच्याकडे परत आले. पोर्शेच्या कॅरेरा जीटीचंही तसंच झालं. १,२७० गाड्या, शर्यतीसाठी बनवलेलं आणि न वापरलेलं व्ही-१०, काही वर्षं मूळ किमतीच्या खाली, आणि आता कित्येक पट. मला अशा पडून उठलेल्या गाडीची मान्यता जास्त टिकाऊ वाटते, कारण तिथे कंपनीचा हात नसतो.

दुसरी खूण कंपनीचं वागणं. टोयोटाने २०२० पासून सुप्रा आणि २००० जीटीचे जुने सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. एलएफएच्या मालकाला यातून धीर येतो, पण त्याची खरी काळजी निराळी आहे. इंजिन टोयोटाचं आहे, ते चालेल. कार्बनचा सांगाडा दुखावला तर काय, हा प्रश्न आहे. तिथे गॅरेजमधला ओळखीचा माणूस कामाचा नाही, आणि ज्या विभागात तो भाग विणला गेला तो पुढे दुसऱ्या गाडीकडे वळला. त्यामुळे अपघात न झालेली, नोंदी पूर्ण असलेली गाडी आणि दुरुस्त केलेली गाडी यांच्या भावात जी दरी आहे, ती पुढे रुंदच होईल असं मला वाटतं.

कायद्याच्या लेखी ही अजून जुनी गाडीसुद्धा नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबांची जागतिक संघटना फिव्हा ऐतिहासिक वाहन म्हणते ते किमान ३० वर्षांच्या गाडीला, जी मूळ रूपात राखलेली आहे आणि रोजच्या वापरात नाही. जर्मनीत ऐतिहासिक गाड्यांच्या 'एच' पाटीसाठीही ३० वर्षं, ब्रिटनमध्ये रस्ता-कराच्या माफीसाठी ४०. भारतात जुलै २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज वाहनाची व्याख्या ५० वर्षांवर ठेवली आणि अशा गाड्यांना क्रमांकात 'व्हीए' अशी वेगळी मालिका दिली. पहिली एलएफए फिव्हाच्या हिशेबाने २०४० मध्ये ऐतिहासिक होईल आणि भारताच्या नियमाने २०६० मध्ये व्हिंटेज. बाजाराने तिला दहाव्या वर्षी जे दिलं, ते कायदा पन्नासाव्या वर्षी देणार. जुन्या नियमांमागे साधा हिशेब होता: एवढी वर्षं गाडी टिकली म्हणजे कोणीतरी ती जपली. एलएफएसारख्या गाड्या तर पहिल्या दिवसापासूनच जपल्या जातात. त्यामुळे वयाची अट त्यांच्याबाबत फार काही सांगत नाही.

तरी वयाची अट पूर्ण निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. एलएफए चाळिशीची होईल तेव्हा नऊ हजार आरपीएमला वेडावलेली आजची पिढी पन्नाशी ओलांडलेली असेल. पेट्रोल तेव्हा कुठे आणि कोणत्या नियमांनी मिळेल, शहरात अशी गाडी न्यायला मुभा असेल का, हे त्या वेळच्या मालकाला सोडवावं लागेल. २००० जीटीने ती परीक्षा दिली आहे, एलएफएने अजून नाही.

आता चालवायची की झाकून ठेवायची

भाव चढल्याचा एक वाईट परिणाम झाला आहे. कमी किलोमीटर झालेली गाडी जास्त महाग, म्हणून मालक गाडी बाहेर काढेनासे झाले आहेत. ज्या गाडीचा सगळा मान तिच्या आवाजाचा, ती गप्प उभी. माझ्या मते हा तोट्याचा व्यवहार आहे, पैशाच्याही बाजूने. फार वर्षं न फिरलेल्या गाडीचे रबरी भाग, द्रव, टायर खराब होतात, आणि खरा जाणकार घेणारा हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली, पंधरा हजार किलोमीटर फिरलेली गाडी निवडतो. अशी निवड करणारे अजून थोडे आहेत, पण जुन्या फेरारींच्या बाबतीत तसं होताना दिसलं आहे.

कंपनीने मधल्या काळात नाव पुन्हा बाहेर काढलं. डिसेंबर २०२५ मध्ये लेक्ससने एलएफए याच नावाची संकल्पना-गाडी दाखवली. ती बॅटरीवर चालते. तिच्या शेजारी टोयोटाने जीआर जीटी दाखवली, व्ही-८, टर्बो आणि हायब्रिड. जुन्या एलएफएच्या मालकांपैकी काही यावर नाराज आहेत. मला नाराजीचं कारण दिसत नाही. २०१२ मध्ये ज्या नावाला डीलर कंटाळले होते, ते नाव आज कंपनी आपल्या सर्वांत महत्त्वाच्या गाडीला देते आहे, आणि नव्या गाडीत काहीही घातलं तरी ते ४.८ लिटरचं व्ही-१० आता कोणी पुन्हा बनवणार नाही. जुन्या पाचशेंचा भाव यानंतर उतरेल की चढेल, याचा अंदाज दर ऑगस्टमध्ये होणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या लिलावांत येईल. तिथे न्यूरबर्गरिंगच्या पन्नासांपैकी एखादी आली, तर तिच्या आकड्याकडे पाहण्याआधी तिचे किलोमीटर आणि सर्व्हिसच्या नोंदी वाचाव्यात.